सॉफ्टवेअर घेताना आधी बाहेर पडायचं दार बघा!

कॉलेजच्या लायब्ररीत आता ऑनलाइन कॅटलॉग असतो, ई-पुस्तकं असतात. पण ती शोधायची कशी, हे मुलांना ठाऊक नसतं. क्लिक करत, प्रश्न सोडवत हे शिकवणारे छोटे ऑनलाइन धडे बनवून देणं, हा एका लॅपटॉपवर सुरू होणारा व्यवसाय आहे. मग लगेच प्रश्न येतो, "सर, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?"

माझं स्पष्ट मत सांगतो. फीचर्स नंतर बघा. उद्या ते सॉफ्टवेअर सोडलं, तर केलेलं काम हातात राहतं का, हे आधी बघा.

एके काळी असे धडे सर्रास फ्लॅशमध्ये बनायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये धडे चालेनासेच झाले. ज्यांच्याकडे मूळ फाइल्स नव्हत्या, त्यांची मेहनत पाण्यात!

म्हणून सुरुवात एच-फाइव्ह-पी पासून करा. ते ओपन सोर्स आहे. वर्डप्रेस आणि मूडलवर त्याचं प्लगइन मोफत बसतं. व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो. धडा फाइल म्हणून उतरवून दुसऱ्या साइटवर चढवता येतो. स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ घ्या, तेही फुकट. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन ताकदीचं आहे, नाही कोण म्हणतं? पण ऑर्डर हातात नसताना वर्षाची वर्गणी भरणं म्हणजे बाजारात तुरी!

दोन चाचण्या मात्र जरूर करा. 'दुसऱ्या', 'पुस्तकांच्या' असे जोडाक्षरांचे शब्द टाइप करून बघा. आणि धडा साध्या मोबाइलवर उघडा, कारण मुलं तिथेच बघणार.

आता काही जण म्हणतील, "लायब्ररीच्या मॅडमना मूळ फाइल दिली, तर त्या स्वतःच बदल करतील. मग आपलं काय?" करू द्या की! कॅटलॉगची स्क्रीन बदलली की धडाही बदलावा लागतो. छोटा बदल त्या करतील, मोठा तुमच्याकडे येईल. त्या देखभालीचा दर पहिल्याच कोटेशनमध्ये लिहा. गिऱ्हाईक अडकवून टिकत नाही, विश्वासावर टिकतं.

या आठवड्यात पाच मिनिटांचा एकच धडा बनवा आणि जवळच्या लायब्ररीत नेऊन दाखवा. सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथेच होईल.