गाडी थांबली होती का?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

परवा आमच्या बातमीदारांच्या ग्रुपवर केनेडींच्या हत्येचा तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरत आला. खाली मजकूर असा: गाडी थांबल्याचं कितीतरी साक्षीदार सांगत होते, फिल्ममध्ये मात्र गाडी चालतेय, म्हणजे फिल्म बनावट. तासाभरात चार जणांनी "सगळं मॅनेज असतं" म्हणून अंगठे टाकले. ग्रुपवर भांडायचं वय गेलं माझं, म्हणून इथे लिहितोय.

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस शहरातला डीली प्लाझा, दुपारचे साडेबारा. अब्राहम झाप्रुडर नावाचा, बायकांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्याचा मालक, घरगुती ८ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन एका सिमेंटच्या कठड्यावर उभा होता. त्याला उंचीवर चक्कर यायची, म्हणून ऑफिसातल्या कर्मचारी बाईंनी मागून धरलेलं. त्याने टिपलेल्या ४८६ फ्रेम, जेमतेम २६ सेकंद. आवाज नाही. ३१३व्या फ्रेममध्ये अध्यक्षांच्या डोक्याला गोळी लागते.

आता साक्षीदार. गाडी थांबली किंवा जवळजवळ थांबली असं सांगणारे खरोखरच बरेच होते, त्यात ताफ्यातले मोटारसायकलवरचे पोलीसही होते. ही माणसं काही टाइमपास करायला आलेली नव्हती. पण लुई अल्वारेझ या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने फिल्मवरून गाडीचा वेग मोजला, तेव्हा शेवटच्या गोळीच्या जरा आधी तो ताशी सुमारे १२ मैलांवरून ८ मैलांवर आलेला दिसला. ड्रायव्हर मान वळवून मागे बघतोय हेही फिल्ममध्ये दिसतं. म्हणजे गाडी मंदावली हे खरं. पुढची गाडी अशी मंदावली की मागचे मोटारसायकलवाले अंगावर येतात, ब्रेक दाबतात, आणि त्याच क्षणी समोर एका माणसाचं डोकं फुटतं. अशा वेळी "गाडी थांबली" असं कुणाच्या मनात बसलं, तर त्याला खोटारडा म्हणायचं?

जॅकलिन केनेडींचं उदाहरण घ्या. नवऱ्याला गोळी लागल्यावर त्या चालत्या गाडीच्या मागच्या भागावर चढल्या, हे जगाने पाहिलंय. वॉरन आयोगापुढे त्यांनी सांगितलं की हे आपल्याला अजिबात आठवत नाही. घटनेच्या सर्वांत जवळ बसलेली बाई, आणि स्वतःच्याच शरीराने केलेली गोष्ट आठवत नाही!

आता आमच्या धंद्यातलं. डॅन रादर हा सीबीएसचा बातमीदार. सामान्य लोकांना फिल्म टीव्हीवर बघायला मिळाली थेट १९७५ साली, पण रादरने ती हत्येनंतरच्या काही दिवसांतच पाहिली आणि आठवणीवरून प्रेक्षकांना वर्णन करून सांगितली. म्हणाला, डोकं जोरात पुढे गेलं. फिल्ममध्ये ते एका फ्रेमपुरतं किंचित पुढे जातं आणि मग झटक्याने मागे, डावीकडे. तो ज्याची साक्ष देत होता ती घटना नव्हतीच, ती फिल्मच होती, तरी घोटाळा झाला. पुढे कटवाल्यांनी त्याला विकला गेलेला ठरवलं. मला तो फक्त घाईतला बातमीदार वाटतो. डेडलाइन माहीत असणाऱ्यांना कळेल.

पण म्हणून फिल्म म्हणजे देववाणी असंही नाही. 'लाइफ' मासिकाने ती विकत घेतली आणि त्यांच्याच लॅबमध्ये मूळ प्रतीतल्या काही फ्रेम खराब झाल्या. वॉरन आयोगाच्या खंडांत ३१४ आणि ३१५ या फ्रेमची अदलाबदल होऊन छापल्या गेल्या. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, आयोगाच्या मते अध्यक्षांना पहिली गोळी लागली ती साधारण २१० ते २२५ फ्रेमच्या दरम्यान, आणि त्यातल्या बहुतेक वेळात गाडी रस्त्यावरच्या एका पाटीच्या आड आहे. पुढच्या सीटवर बसलेले गव्हर्नर कॉनली शेवटपर्यंत सांगत राहिले की पहिली गोळी आपल्याला लागलेली नव्हती. त्यांना खोडून काढायला फिल्मपाशी नेमकं तेच चित्र नाही. गोळ्या किती झाडल्या हेही मुकी फिल्म काय सांगणार? तिथे कानांवरच भिस्त. बहुतेकांनी तीन ऐकल्या, काहींनी दोन, काहींनी चार.

ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या स्टँडजवळच्या चौकात ट्रकने मोटारसायकलवाल्याला उडवलं. चहाच्या गाडीवाला म्हणाला, ट्रक थांबलाच नाही, पुढे गेला. माझ्या हातात मोबाइलची क्लिप, त्यात ट्रक शांत उभा. मी छापलं, प्रत्यक्षदर्शीचा दावा खोटा. आठवड्याने एका दुकानाचा कॅमेरा तपासला गेला. ट्रक पुढे पळाला होता, लोक मागे धावले तेव्हा परत आणला. माझी क्लिप त्यानंतर सुरू झालेली. खुलासा आतल्या पानावर, चार ओळी. तोवर चहावाल्याला गिऱ्हाईकंसुद्धा "काय रे, खोटं बोलतोस" म्हणायला लागली होती.

तेव्हापासून क्लिप आली की मी आधी विचारतो, ही सुरू कधी झाली, हिच्यात काय दिसूच शकत नाही, आणि दुसऱ्या जागेवरून कुणी काढलंय का.

डॅलसमध्ये काढलं होतं. ऑरव्हिल निक्स आणि मेरी मचमोर यांनी वेगळ्या जागांवरून, आपापल्या कॅमेऱ्यांनी. त्या फिल्म 'लाइफ'कडे नव्हे, यूपीआय या वृत्तसंस्थेकडे गेल्या. त्यांतही गाडी मंदावते, थांबत नाही. झाप्रुडरच्या फिल्मच्या तर त्याच दिवशी डॅलसमध्येच तीन प्रती निघाल्या होत्या. तेव्हा अंगठे टाकणाऱ्या चौघांनी ग्रुपवर एवढंच सांगावं: या बाकीच्या फिल्म कुणी बदलल्या, आणि कधी?