कार्यादेशात न लिहिलेली अट

ऑनलाइन देणगीच्या अर्जात नावाआधी ‘श्री’ लावायचे की ‘श्रीमती’, हे विचारणारा एक किरकोळ रकाना असतो. वर्डप्रेस या साइट उभारण्याच्या सॉफ्टवेअरवर देणग्या गोळा करण्यासाठी ‘गिव्हडब्ल्यूपी’ नावाचे प्लगइन, म्हणजे जोडघटक, वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाले, की त्याच्या याच रकान्यात नीट रचलेला मजकूर घुसवला तर लॉगिन न करता, कोणाचा पासवर्ड न चोरता, अख्खा सर्व्हर ताब्यात घेता येतो. तेव्हा हे प्लगइन एक लाखाहून अधिक साइट्सवर चालू होते आणि धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. आता अमरावती जिल्ह्यातला तिवसा तालुका घ्या. तिथे गुरुकुंज मोझरीचा आश्रम आहे, वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर आहे, शिवाय नगरपंचायत, महाविद्यालये, पतसंस्था आहेत. यांपैकी कोणाच्या साइटवर काय बसवले आहे, याची चौकशी इथे करायची नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी संस्थेची साइट कशी उभी राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमरावतीची एखादी छोटी फर्म किंवा संगणक शिकलेला एखादा हुशार पोट्टा थोडक्या पैशांत वर्डप्रेसवर काम करून देतो. फोटोंसाठी एक प्लगइन, अर्जासाठी दुसरे, देणगीसाठी तिसरे. उद्घाटन होते, बिल निघते, आणि त्यानंतर त्या साइटला वाली उरत नाही. माझे म्हणणे असे, की या जातीच्या भगदाडांवरचा उपाय प्रोग्रामरांना निदान दहा वर्षांपासून माहीत आहे. घोडे अडते ते तो उपाय करायचा कोणी, हे कार्यादेशात लिहिलेले नसते म्हणून.

या दोषाला तंत्रज्ञ ‘अनसेफ डिसिरियलायझेशन’ म्हणतात. प्रोग्राम चालू असताना त्याच्या स्मृतीत माहितीच्या गुंतागुंतीच्या रचना असतात. त्या साठवायच्या किंवा दुसरीकडे पाठवायच्या तर त्यांची सरळ अक्षरांची माळ करावी लागते, आणि पलीकडे ती माळ वाचून मूळ रचना पुन्हा उभी करावी लागते. हे पुन्हा उभे करणे म्हणजे डिसिरियलायझेशन. पीएचपी, जावा, पायथन या प्रोग्रामिंग भाषांच्या जुन्या पद्धतींत त्या माळेत नुसती माहिती नसते, ‘अमुक प्रकारची वस्तू तयार कर’ असा हुकूमही असतो, आणि वस्तू तयार होताना किंवा मोडताना तिच्याशी जोडलेला कोड आपोआप चालतो. तहसील कचेरीतला आवक लिपिक आलेल्या टपालावर शिक्का मारतो, नोंद करतो आणि कागद पुढे पाठवतो. त्याने पाकीट फोडून आतल्या हुकमाची तिथेच अंमलबजावणी करायला सुरुवात केली, तर कचेरी पत्र लिहिणाऱ्याची होईल. असुरक्षित प्लगइन नेमके हेच करते.

गिव्हडब्ल्यूपीचे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. हल्लेखोराला बाहेरून विषारी कोड आणावाच लागला नाही. त्याने प्लगइनच्या पोटात आधीपासून असलेले तुकडे एकमेकांना जोडले. पीडीएफ बनवणाऱ्या कोडमधली तात्पुरत्या फायली पुसण्याची सोय वापरून सर्व्हरवरची हवी ती फाइल उडवता येत होती. वर्डप्रेसची मुख्य सेटिंग्जची फाइल गेली, की साइट नव्याने बसवायच्या अवस्थेत येते आणि पहिला येईल तो मालक होतो. सर्व्हरवर हवे ते आदेश चालवण्यासाठी जी साखळी जुळवली गेली, तिच्यातली एक कडी चाचणीसाठी खोटी नावे-पत्ते तयार करणाऱ्या संग्रहातली होती. विकसकांच्या सोयीची ही वस्तू संस्थांपर्यंत पोचलेल्या मालात का होती, हा प्रश्न वेगळा. एका संशोधकाने हा दोष मे २०२४ मध्येच एका सुरक्षा कंपनीला कळवला होता. त्या कंपनीने जूनमध्ये प्लगइनच्या निर्मात्यांशी संपर्क साधला, उत्तर आले नाही, जुलैत प्रकरण वर्डप्रेसच्या सुरक्षा गटाकडे गेले, तेव्हा कुठे ७ ऑगस्टला दुरुस्ती निघाली. आणि ती दुरुस्तीही अपुरी ठरली. आलेला मजकूर अशा माळेसारखा दिसतो का, हे तपासून अडवण्याची तिची पद्धत होती. त्यात थोडे बॅकस्लॅश मिसळले की तपासणी चुकवता येत होती. सप्टेंबरमध्ये त्याच रकान्यातून तीच वाट पुन्हा उघडी सापडली. मार्च २०२५ मध्ये पत्त्याच्या रकान्यातून त्याच जातीचा आणखी एक दोष जाहीर झाला. वाईट दिसेल ते अडवायचे, ही नीती टिकत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

हे फुकटच्या सॉफ्टवेअरचे भोग आहेत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. जानेवारी २०१५ मध्ये गॅब्रिएल लॉरेन्स आणि ख्रिस फ्रोहॉफ यांनी जावातला हा धोका एका परिषदेत मांडला. वर्ष संपण्याआधीच वेबलॉजिक, वेबस्फीअर, जेबॉस अशी बड्या कंपन्यांची महागडी उत्पादने त्यातून फोडता येतात, हे दाखवून झाले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्सच्या रेस्ट प्लगइनमध्ये तोच दोष निघाला. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधल्या अशाच भगदाडातून जगभरच्या संस्थांच्या स्वतःच्या सर्व्हरवर हल्ले झाले. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. हल्लेखोरांनी माहितीवर सही करण्याच्या गुप्त किल्ल्याच चोरल्या होत्या, त्यामुळे दुरुस्ती बसवली तरी किल्ल्या बदलेपर्यंत त्यांना परत आत येता येत होते. उलट गिव्हडब्ल्यूपीचा दोष बाहेरच्या माणसाला शोधता आला, कारण त्याचा कोड सर्वांना वाचायला खुला आहे.

‘आमच्या तालुक्याच्या साइटवर कोण कशाला येईल?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत कच्चा आहे. हल्लेखोरांचे भगदाडे शोधणारे प्रोग्राम गावाचे नाव वाचत नाहीत. ते प्लगइनची आवृत्ती वाचतात. त्यांना सर्व्हर हवा असतो, पुढच्या फसव्या पानांसाठी, स्पॅमसाठी, देणगीदारांच्या याद्यांसाठी. आणि लहान संस्था मोठ्या साखळीतली कडी असते, हे सहकार क्षेत्राने पाहिले आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला यंत्रणेतून तात्पुरते तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, व्यवहार अडले. सायबर सुरक्षा कंपनी क्लाउडसेकच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो एका भागीदार फर्मच्या जेनकिन्स सर्व्हरमधून; जेनकिन्स म्हणजे प्रोग्रामरांची कामे आपोआप करणारे साधन. तो दोष फाइल वाचू देणारा होता, म्हणजे वेगळ्या जातीचा. पण २०१५ मध्ये जावातल्या त्या धोक्यातून फोडून दाखवलेल्या उत्पादनांत जेनकिन्सही होतेच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा चोरट्यांनी एटीएमचा संदेश मुख्य यंत्रणेपर्यंत पोचूच न देता मधल्यामध्ये खोटी मंजुरी दिली. संदेश कोणाकडून आला याची खातरजमा न करता तो मानणे, हे तिथेही होते.

मग करायचे काय? बाहेरून आलेली माहिती या जुन्या पद्धतीने उलगडायचीच नाही. जेसनसारखे स्वरूप घ्यायचे, ज्यात आकडे आणि अक्षरे असतात, हुकूम नसतात. अगदी टाळता येत नसेल तर कोणत्या प्रकारच्या वस्तू तयार करू द्यायच्या, याची बंद यादी द्यायची. पीएचपीत ही सोय २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे, जावात २०१७ पासून. मायक्रोसॉफ्टने तर डॉटनेटच्या २०२४ च्या आवृत्तीतून असा जुना घटक काढूनच टाकला. माहिती आपणच पूर्वी बाहेर दिलेली असेल, तर तिच्यावर सही करायची आणि उलगडण्याआधी ती पडताळायची. हे झाले लिहिणाऱ्यांसाठी. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत एआय शिकणाऱ्यांनाही ते लागू आहे, कारण इंटरनेटवरून उतरवलेल्या मॉडेलच्या, पायथनच्या ‘पिकल’ पद्धतीने साठवलेल्या फाइलमध्ये हाच धोका असतो. पायटॉर्च या एआयच्या साधनाने २०२५ च्या सुरुवातीला अशा फायली उघडण्याची मूळ पद्धतच बदलली ती त्यासाठी.

संस्थेने मात्र कोड वाचायचा नाही, तिने करार वाचायचा आहे. रस्त्याच्या कंत्राटात दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा. साइटच्या कार्यादेशात असे कलम क्वचितच दिसते. ते असावे. कोणती प्लगइन्स, कोणत्या आवृत्तीची बसवली याची यादी हस्तांतरणावेळी लेखी द्यावी. सुरक्षा दुरुस्ती निघाल्यावर ठरलेल्या दिवसांत ती बसवावी. न लागणारी प्लगइन्स नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवावा आणि तो परत उभा करून दाखवावा. ‘अपडेट केले की साइट मोडते’ ही तक्रार खोटी नाही, पण तिचे उत्तर हाच बॅकअप आहे. खर्चाचे म्हणाल, तर वर्डप्रेसमध्ये प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय २०२० पासून फुकट आहे. खरा खर्च वार्षिक देखभालीचा, आणि तो परवडत नसेल तर त्या संस्थेने देणगीचा अर्ज आपल्या साइटवर ठेवूच नये. बँकेचा क्यूआर कोड पुरेसा आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. इतक्या भानगडी लहान संस्थांच्या गळ्यात घालण्यापेक्षा सरकारनेच सगळ्यांना एक सामाईक व्यासपीठ का देऊ नये? जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे असे व्यासपीठ आहेच, आणि जी नगरपंचायत त्यावर जाऊ शकते तिने खुशाल जावे. तिथे दुरुस्ती एकदा केली की सगळ्यांना मिळते. पण सी-एजच्या वेळी दिसले तेही खरे: एक कडी तुटली आणि ३०० बँका एकदम थांबल्या. शिवाय देवस्थान, खासगी महाविद्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी यांना ती वाट बहुधा नाही. त्यांच्यासाठी करारच उरतो. आणि कायदा त्यांना पळवाट देत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या आठव्या कलमानुसार, ठेकेदाराशी करार काहीही असो, लोकांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच; वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली, म्हणजे मे २०२७ पर्यंत. आज निघणारा साइटचा कार्यादेश तेव्हाही चालू असेल, आणि त्या दिवशी दार ठोठावले जाईल ते संस्थेच्या सचिवाचे. साइट बनवून देणाऱ्या पोराचे नव्हे; तो तोवर पुण्याला नोकरीला लागलेला असेल.