हुर्यो उडवणाऱ्यांचं ऐका

२६ जानेवारी २०१४ ची रात्र. पिट्सबर्गमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीची ‘रॉयल रंबल’ रंगात आली होती. ३० पैलवान एकामागून एक रिंगमध्ये उतरतात, वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला की बाद, आणि शेवटी उरेल त्याला ‘रेसलमेनिया’ या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात अजिंक्यपदाची लढत मिळते. २९ जण आले. तिसावा त्यांचा लाडका डॅनियल ब्रायनच, या खात्रीने प्रेक्षक उलटी मोजणी करत होते. संगीत वाजलं आणि आला रे मिस्टेरिओ. एरवी ज्याच्यासाठी पोरंटोरं मुखवटे घालून येतात, त्या रे मिस्टेरिओची त्या रात्री हुर्यो उडाली. राग त्याच्यावर नव्हता, त्याला तिथे पाठवणाऱ्यांवर होता. बटिस्टा जिंकला, तर त्यालाही तोच प्रसाद मिळाला.

हे सगळं आधीच ठरलेलं असतं, मग एवढं चिडायचं कशाला, असं शहाणी माणसं विचारतात. ठरलेलं असतं, हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक आहे. आपला खेळ ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे, हे खुद्द कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केलं होतं. प्रेक्षकाचा संताप हार-जितीवर नसतो, फसलेल्या लिखाणावर असतो. आणि हे लिखाण कधीच पुरं झालेलं नसतं. कंपनीचा ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ ला सुरू झाला, तो आजही दर सोमवारी चालू आहे. लेखकांना चूक सुधारायला दर आठवड्याला नवी संधी मिळते. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा गायलं जाई. इथे प्रेक्षकांच्या आवाजाने गोष्टच बदलते.

ब्रायनची बदललीच. उंचीने, अंगाने बेताचा हा पैलवान २०१२ च्या रेसलमेनियात १८ सेकंदांत हरला होता. दुसऱ्या दिवशीच्या ‘रॉ’मध्ये मायामीच्या प्रेक्षकांनी बोटं उंचावून ‘येस, येस’चा असा गजर केला की तो पुढे थांबलाच नाही. २०१४ च्या रेसलमेनियात मुख्य लढत रँडी ऑर्टन आणि बटिस्टा यांची ठरली होती. हुर्योनंतर बेत मोडला. १० मार्चला मेम्फिसच्या ‘रॉ’मध्ये ‘येस’चे टी-शर्ट घातलेल्या माणसांनी रिंग भरून गेली. तो प्रसंग कंपनीनेच रचला होता. पण प्रेक्षकांचं बंड कथेत घ्यावं लागणं, हीच त्यांची जीत होती. ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने एकाच रात्री ट्रिपल एच या पैलवानाला आणि मग ऑर्टन-बटिस्टा दोघांना हरवून पट्टा उंचावला.

दहा वर्षांनी तेच घडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेसलमेनियाच्या अजिंक्यपदाच्या लढतीतली कोडी रोड्सची जागा द रॉकला देण्याचा घाट घातला गेला. रॉक हा हॉलिवूडचा तारा आणि कंपनीची मालक असलेल्या टीकेओचा संचालक. तरीही पुढच्या ‘रॉ’मध्ये सभागृहात कोडीच्या नावाचाच घोष झाला. काही दिवसांत कोडीला त्याची लढत परत मिळाली, रॉक खलनायक झाला आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने रोमन रेन्सची अजिंक्यपदावरची १,३१६ दिवसांची सत्ता संपवली.

आवाजाची किंमत कळायला महासाथीचा काळ पुरेसा होता. ऑगस्ट २०२० पासून जवळपास वर्षभर रिंगभोवती माणसांऐवजी पडद्यांवरचे चेहरे होते आणि जल्लोष ध्वनिमुद्रित होता. ठरवून वाजवलेल्या टाळ्यांतून लेखकाला काय कळणार?

पण सगळा गोंगाट सारखा नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रुकलिनला लढत चालू असताना प्रेक्षक समुद्रकिनाऱ्यावरचे फुगीर चेंडू उडवत बसले. लढणारा सेसारो रिंग सोडून प्रेक्षकांत घुसला आणि त्याने चेंडू टराटरा फाडला. त्याने योग्यच केलं. राबणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवणं ही दाद नव्हे आणि टीकाही नव्हे. हुर्यो मात्र टक लावून पाहणाराच उडवतो.

आता ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर आहे. दहा वर्षांचा करार, रक्कम पाच अब्ज डॉलरहून जास्त. भारतात एप्रिल २०२५ पासून तो तिथेच दिसतो. केबलवर कुस्ती बघत आणि पैलवानांचे ट्रम्प कार्ड खेळत मोठी झालेली मराठी मंडळी तो मंगळवारी पहाटे उठून पाहतात. धोका या करारातच आहे. पैसे आधीच बांधलेले असल्यामुळे एखादी कथा प्रेक्षकांनी झिडकारली तरी हिशेबाच्या वहीत ते लगेच उमटत नाही. सभागृहातला आवाज हीच लेखकांपर्यंत पोहोचणारी पहिली सूचना उरते. रेसलमेनियाचा शेवट डिसेंबरात ठरवायला हरकत नाही. पण फेब्रुवारीत सभागृह विरोधात उभं राहिलं, तर तो बदलायची मुभा लेखकांना करारातल्या आकड्यांकडे न बघता मिळाली पाहिजे.