घाट तीन तास बंद राहू शकतो, मग आपला कॉलेज रोड दोन तास का नाही?

मंडळी, रविवारच्या सातारा हिल मॅरेथॉनचे आपल्या रनिंग ग्रुपचे फोटो एव्हाना तुम्ही सगळ्यांनी बघितले असतील. मेडल दाताखाली धरलेला, यवतेश्वर घाटात दोन्ही हात वर केलेला, परतीच्या वाटेवर कंदी पेढ्यांच्या दुकानासमोरचा, सगळे टाकून झालेत. लाईक दिल्याबद्दल आभार. पण तिथून आल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आम्ही चोवीस जण गेलो होतो. एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन गाड्या. रात्री अडीचला स्टँडसमोर जमायचं ठरलं होतं, तर दोनलाच निम्मे हजर. एरवी ग्रामसभेला वेळेवर न येणारी माणसं ही! पळणारे एकोणीस, बाकीचे घरचे आणि हौशी. पळणाऱ्यांत दुधाचा धंदा करणारा एक जण, दोन मास्तर, शाळेतल्या एक बाई, एक मेडिकलवाले, पोलीस भरतीची तयारी करणारी चार पोरं आणि तीन पोरी. नऊ जणांची ही पहिलीच 21 किलोमीटर.

ज्यांनी ही शर्यत बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपाटीवरची 21 किलोमीटर वेगळी आणि ही वेगळी. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून कास रस्त्याला लागायचं आणि यवतेश्वरचा घाट चढायचा. साधारण निम्मं अंतर चढण, मग तिथूनच मागे फिरून तोच घाट उतरायचा. चढताना छाती भरते, हे सगळ्यांना माहीत असतं. उतरताना मांड्या मारतात, हे पहिल्यांदा पळणाऱ्याला कुणी कितीही सांगितलं तरी पटत नाही. आमच्या भरतीवाल्या एका पोरानं उतारावर सुसाट सोडलं आणि सतराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसून मांड्या चोळत होता. बाई त्याच्या शेजारून शांतपणे पुढे गेल्या. वर जाताना म्हणाल्या होत्याच, "बाळा, घाटात घाई नाही करायची." दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत पोचल्या. वय बावन्न.

चढ संपत आला की मागे वळून बघावं. खाली सातारा शहर, समोर अजिंक्यतारा, मधे ढग अडकलेले. पण मला लक्षात राहिली ती माणसं. पहाटेपासून लोक दारात, चौकात, घाटाच्या वळणावर उभे. शाळेतली पोरं लेझीम घेऊन, कुठं हलगी, कुठं म्हातारी आजी नुसत्या टाळ्या वाजवत. ओळख ना पाळख. "पळा, पळा, थोडंच राह्यलंय!" असं चौथ्या किलोमीटरला सांगणारे सुद्धा होते, त्यांना माफ केलं.

वर एका वळणावर एक बाबा मोटारसायकलला दुधाच्या रिकाम्या किटल्या लावून उभे होते. आमचा दूधवाला गडी पळता पळता थांबला, जातभाईच की! विचारलं, "बाबा, तुमचं दूध अडकलं का आमच्यामुळं?" ते म्हणाले, "न्हाय, आधीच सांगितलं व्हतं. पहाटंच खेप टाकून आलो. आता बघत बसलोय." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

आमच्या चोविसांत एक काका होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पळायला त्यांनीच लावलं. गेली तीन वर्षं ही शर्यत त्यांनी चुकवली नव्हती. यंदाही नाव नोंदवलं होतं, फी भरली होती. जुलै महिन्यात पहाटे साडेपाचला बायपासच्या सर्व्हिस रोडवर सराव करताना मागून आलेल्या पिकअपनं त्यांना उडवलं. पायात प्लेट आणि स्क्रू. गाडी थांबली नाही. नंबर कुणी बघितला नाही, कारण तिथं दिवाच नाही.

रविवारी काका आमच्याबरोबर आले. कुबड्या घेऊन. घाट सुरू होतो तिथं खुर्ची टाकून बसले आणि आमच्या प्रत्येकाला जाताना आणि येताना नावानं हाक मारली. परतीच्या प्रवासात सगळे मेडल घालून गाणी म्हणत होते. काका खिडकीतून बाहेर बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "काय रे, एवढ्या मोठ्या गावानं घाट बंद ठेवला लोकांना पळता यावं म्हणून. आपल्याकडं मला एक रस्ता मिळाला नाही." तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मंडळी, आपल्या गावात पळायचं कुठं, हे एकदा मोजू या.

शाळेचं मैदान. सकाळी कुलूप. "पोरं बाटल्या टाकतात," हे कारण. खोटं नाही ते, पण बाटल्या टाकणारे रात्री भिंतीवरून जातात आणि पळणारे सकाळी गेटवर उभे राहतात.

सार्वजनिक क्रीडांगण. वर्षातून किती दिवस ते क्रीडांगण असतं? कधी प्रदर्शन, कधी लग्नाचा मांडव, कधी सभा, कधी आकाशपाळणा. मांडव उठला की मागे खड्डे आणि खिळे. भरतीच्या एका पोरीच्या तळपायात खिळा गेला, दोन आठवडे गेले तिचे.

नदीकाठ. चांगला आहे, पण उजाडल्याशिवाय कुणी बाई तिथं एकटी जाणार नाही, आणि जाऊ नये अशीच तिथली परिस्थिती आहे.

मग उरतो बायपास. तिथं काय होतं ते काकांना विचारा.

हे आपल्याच गावात होतं असंही नाही. मार्च 2023 मध्ये मुंबईत, वरळी सी फेससारख्या ठिकाणी, सकाळी पळणाऱ्या एका महिलेला भरधाव मोटारीनं उडवलं आणि त्यात ती गेली. फौजा सिंग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन पळायला लागलेले, शंभरीत पोचल्यावरही पळणारे. जुलै 2025 मध्ये जालंधरजवळ आपल्याच गावापाशी रस्त्यावर गाडीनं त्यांना ठोकरलं. वयानं नाही गेले ते, रस्त्यानं नेलं.

आता काही जण म्हणतील, ही हौशी लोकांची थेरं आहेत. पोट भरलेल्यांना पळायला रस्ता हवा. माझं उत्तर असं, की आमच्यासारख्या चाळिशीतल्या लोकांचं सोडून द्या. आम्ही घरात सुद्धा जागच्या जागी पळू. पण भरतीच्या पोरापोरींचं काय? पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण त्या एका धावण्याला. तिथं दहा-पंधरा सेकंदांत नोकरी येते आणि जाते. आपल्या तालुक्यातून दरवर्षी शेकड्यांनी पोरं फॉर्म भरतात. ज्यांच्या बापाकडे पैसे आहेत ती पुण्यात अकादमीत जातात. बाकीची बायपासला पळतात. मुलगी असेल तर मागून भाऊ मोटारसायकलवर, हेडलाईट लावून. भावाला कामावर जायचं असेल त्या दिवशी तिचा सराव बंद.

ललिता बाबर याच सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी कुणी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचली होती. आपण तिचे फ्लेक्स लावतो, भाषणात नाव घेतो. पण आपल्या गावातल्या एखाद्या पोरीला पहाटे पाचला पळायचं असेल तर कुठं पळायचं, हे आपण सांगू शकत नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. नवं स्टेडियम नको, सिंथेटिक ट्रॅक नको, उद्घाटन तर मुळीच नको. कॉलेज रोड, म्हणजे स्टँडच्या मागच्या कोपऱ्यापासून नव्या पुलापर्यंतचा रस्ता, रोज पहाटे 5 ते 7 वाहनांना बंद ठेवावा. दोन्ही टोकांना बॅरिकेड आणि जे दिवे बंद आहेत ते चालू करणं, एवढाच खर्च. आम्ही तो रस्ता मोजलाय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 1600 मीटरला थोडासा कमी भरतो. भरतीच्या पोरांना अजून काय पाहिजे?

"असं कायद्यात बसतं का?" बसतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. नगरपालिकेनं ठराव करायचा, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घ्यायचा आणि वरून अधिसूचना काढून घ्यायची. मुंबईत 2022 मध्ये पोलिसांनीच पुढाकार घेऊन रविवारी सकाळी मरीन ड्राईव्हसह काही रस्ते लोकांना चालायला, पळायला, खेळायला मोकळे केले होते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात तर 1974 पासून रविवारी मोठमोठे रस्ते मोटारींना बंद होतात. मरीन ड्राईव्ह बंद ठेवता येतो, तर आपला कॉलेज रोड काय मुंबई-बंगळूर हायवे आहे का?

आता आक्षेप. मी स्वतः चार लोकांशी बोललो, त्यांचे आक्षेप खरे आहेत, टाळण्यासारखे नाहीत.

दुधाच्या गाड्या. त्या वेळेत साताठ गाड्या त्या रस्त्यानं जातात. पेठेतल्या रस्त्यानं गेल्या तर पाच मिनिटं जास्त लागतील. आमच्या ग्रुपमधल्या दूधवाल्यानं स्वतः दोन दिवस जाऊन बघितलं. घाटातल्या त्या बाबांचं वाक्य आठवा, "आधीच सांगितलं व्हतं." माणूस सांगून केलं तर अडत नाही, न सांगता केलं तर चिडतो.

दवाखाना. रुग्णवाहिकेला बॅरिकेड कधीही उघडायचं, त्यासाठी दोन्ही टोकांना माणूस असेल. साताऱ्यात हजारो लोक घाटात पळत असताना रुग्णवाहिका मधून वर गेली, सगळे आपोआप बाजूला झाले. आपल्याकडे शंभर माणसं असतील.

रस्त्यावरचे रहिवासी. त्यांची गाडी बाहेर काढायला बंदी नसावी. हळू जावं, एवढीच विनंती.

बॅरिकेडवर माणूस कोण देणार? पहिले आठ रविवार आम्ही देऊ. लेखी देतो. म्हणूनच सुरुवातीला रोज नको, आठ रविवार करून बघा. नाही जमलं तर बंद करा, आम्ही पुन्हा पोस्ट लिहिणार नाही.

आणि थोडं आमच्याबद्दलही. दुसऱ्याला सांगताना आपल्या ताटातलं बघावं. आम्ही तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत पळतो, गाड्यांकडे पाठ करून पळतो, काही जण कानात गाणी लावतात. काळे टीशर्ट घालून अंधारात पळतो. फूटपाथ नसेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं, हे आम्हाला माहीत असून पाळत नाही. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे पळायच्या जागेपर्यंत आम्ही गाडी घेऊन जातो. कालच्या बैठकीत ठरलंय, उद्यापासून चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट नसेल तर ग्रुपबरोबर पळायचं नाही. मलाही लागू. रस्ता मिळो न मिळो, हे चालू.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही नगरपालिकेत निवेदन देणार आहोत. कुणाविरुद्ध मोर्चा नाही, घोषणा नाहीत. सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना बोलावलंय, श्रेय ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, भांडण नाही. सह्यांचा कागद मेडिकलमध्ये ठेवलाय. पळत नसाल तरी सही करा, कारण त्या दोन तासांत त्याच रस्त्यावर तुमची आई चालेल, तुमचा नातू सायकल शिकेल. आणि सही करायची नसेल तर का नाही, ते खाली लिहा. कॉलेज रोडवर राहणाऱ्यांनी तर नक्की लिहा. तुम्हाला न विचारता काही करायचं नाही, असं ठरलंय.

काकांची प्लेट डॉक्टर म्हणतात वर्षभरानं काढतील. ते म्हणतात पुढच्या वर्षी पळणार नाही, चालत का होईना घाट चढणार. त्यासाठी त्यांना आधी सपाटीवर चालायला लागेल. कुठं, ते तेवढं आपण ठरवू या.