दैव, प्रमाद आणि भरपाई

भाद्रपद लागला की अष्टागरातील आमच्या नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या टाळ-झांजांच्या नादाने भरून जातात. मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर वाहनांची रीघ लागते आणि विसर्जनाच्या दिवशी सारा गाव समुद्राकडे वळतो. मांगल्याच्या याच दिवसांत अपघातही घडतात. कोणाचे हाड मोडते, कोणाला विजेचा धक्का बसतो, एखाद्या घरचा कर्ता मुलगा परत येत नाही. मग जमलेली माणसे हळहळून म्हणतात, ‘देवाची इच्छा!’ या दोन शब्दांत सांत्वन आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्याच आड पुष्कळदा माणसाचा निष्काळजीपणा लपतो आणि निराधार कुटुंबाचा हक्क बुडतो. म्हणून भाविक वाचकांपुढे हा विषय आज मुद्दाम मांडीत आहे.

दैव आणि प्रमाद यांची गल्लत आपल्या जुन्या शास्त्रकारांनी केलेली नाही. मनुस्मृतीतील वर्णभेदाची वचने आज कोणीही मान्य करू नयेत. पण तिच्या आठव्या अध्यायातील वाहनांच्या अपघातांचा विचार पाहण्यासारखा आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा सारथी ‘दूर व्हा’ असे ओरडत असतानाही अपघात झाला, तर दंड नाही. सारथी अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली व हानी झाली, तर दंड मालकाला. कारण त्याने अडाण्याच्या हाती कासरा दिला. सारथी कुशल असूनही चुकला, तर दंड त्यालाच. आणि अकुशल सारथ्याच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकालाही दंड! त्याच अध्यायात, दुसऱ्याच्या अंगाला इजा करणाऱ्याकडून उपचाराचा खर्च घ्यावा असे सांगितले असून त्यास ‘समुत्थानव्यय’ असा शब्द योजला आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उभे राहणे. पडलेल्याला पुन्हा उभे करण्याचा खर्च, ज्याने पाडले त्याने द्यावा. तेव्हा भरपाई मागणे म्हणजे मृताच्या नावावर पैसा करणे, ही समजूत शास्त्राला धरून नाही.

मोठ्या दुर्घटना आठवून पाहा. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे. तेथे अरुंद वाट होती, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि गर्दीला आवर नव्हता. यांपैकी कोणते कारण देवीने निर्माण केले होते? १ फेब्रुवारी २०१६ रोजी आमच्याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. समुद्राला आपण दोष देतो. पण त्याची भरती-ओहोटी तर आधीच ठरलेली असते.

विसर्जनाचेच घ्या. गौरीबरोबर जाणाऱ्या गणपतीचा दिवस अष्टमी-नवमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत येतो. अनंत चतुर्दशी मात्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऐन उधाणाच्या तोंडावर. त्या दिवशी पाणी अधिक चढते आणि ओहोटीला अधिक जोराने ओढते. हे ज्ञान आपल्या कोळी बांधवांना उपजत आहे. मूर्ती त्यांच्या हाती सोपवून आपण गुडघाभर पाण्यातून हात जोडले, तर भक्तीत काय उणे पडते? जो मद्य पिऊन आला आहे, त्याला मूर्तीला हात लावू देऊ नये आणि पाण्यातही उतरू देऊ नये.

मूर्तीबरोबर टेम्पोत दाटीवाटीने बसण्याची रीत अशीच घातक आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्याने बांधील नाही. मग जबाबदारी उरते मालकाची, आणि गावातल्या टेम्पोवाल्याची लाखो रुपये देण्याची ऐपत बहुधा नसते. त्याच वर्षी विजेच्या बाबतीतही एक निर्णय झाला. मध्य प्रदेशात पावसाने रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे रात्री सायकलवरून जाणारा एक गृहस्थ दगावला. कोणीतरी वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती, असा बचाव वीज मंडळाने केला. न्यायालयाने तो मानला नाही. धोक्याची वस्तू जो चालवितो, त्याने तिच्या अपायाचे उत्तर द्यावे, हे त्यामागचे तत्त्व. आकडा टाकून रोषणाई करणाऱ्या मंडळांनी हे तत्त्व आपल्यालाही लावून पाहावे.

आता कुटुंबाने काय करावे? प्रथम जखमीला रुग्णालयात न्यावे. अनोळखी जखमीला मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलेले आहे. पोलिसांच्या भयाने कोणी मागे राहू नये. नंतर पोलिसांत नोंद व पंचनामा करवून घ्यावा, डॉक्टरांचे कागद व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून सुतक फिटताच वकील गाठावा. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपयांची तरतूद त्याच कायद्यात आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा माग लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये मिळतात. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या माणसास पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा घेता येतो. एका नारळालाही याहून अधिक पैसे पडतात!

पुष्कळदा आपसात मिटविण्याचा आग्रह होतो. मंडळाची अब्रू, गावकी, उत्सवाला गालबोट नको, अशी कारणे पुढे येतात. विधवेच्या हाती दहा-वीस हजार ठेवून कोऱ्या कागदावर तिची सही घेण्यात कसली गावकी आहे? उत्सवाची वर्गणी जमा करणाऱ्यांनी मंडपाला येणाऱ्यांचा विमा, कुशल चालक, तपासलेली वीजजोडणी आणि किनाऱ्यावर पोहणारे जाणते लोक, यांचा खर्च पूजासाहित्याच्या यादीत पहिल्या ओळीवर मांडावा. इतके करूनही जे घडेल त्याला दैव म्हणावे आणि त्याचे दुःख देवाच्या पायाशी ठेवावे. प्रमादाचा हिशेब मात्र माणसांनीच चुकता करावयाचा आहे. विघ्नहर्ता आपणा सर्वांना ती सद्बुद्धी देवो.