जळके ऑइल : घाण नव्हे, माल



ट्रॅक्टरला, मोटारसायकलला, नाल्यावरच्या डिझेल पंपाला कोणते ऑइल घालावे, किती तासांनी बदलावे, यावर पारावर तासभर वाद होतो. ऑइल बदलल्यानंतर काय करायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही. काळे ऑइल धुऱ्यावर ओतले, हात मातीला पुसले, की काम संपले. माझे म्हणणे असे की खरे काम तिथूनच सुरू होते आणि ते न केल्याने आपण तीन ठिकाणी बुडतो : जमिनीत, पाण्यात आणि पैशात.

आधी इंजिनाचे पाहू. नवे ऑइल ओतल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालवावे. ऑइल प्रेशरचा दिवा विझला पाहिजे. खालचा नट आणि फिल्टर कोरड्या फडक्याने पुसून गळती पाहावी. मग इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना पट्टी ओढून पातळी बघावी. नव्या फिल्टरमध्ये ऑइल शिरल्याने पातळी थोडी उतरते, तेवढे वरून घालावे. पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त मात्र घालू नये. तारीख आणि मीटरवरचे तास वहीत लिहावेत. ड्रायव्हर बदलतो, वही बदलत नाही. हात साबणाने धुवावेत. जळके ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर त्यातून कर्करोगाचा धोका असतो.

आता त्या काळ्या ऑइलचे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. त्या भेगेत ओतलेले ऑइल तिथेच राहत नाही. पहिल्या मोठ्या पावसात काही खाली उतरते, काही ओघळातून विहिरीकडे आणि नाल्याकडे जाते. जिथे राहते तिथली माती पाणी धरत नाही आणि बी उगवत नाही. त्यात बेअरिंगचे झिजलेले शिसे आणि तांबे असते, अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी असते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा आहे की गाडीच्या एका वेळच्या जळक्या ऑइलने दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी बिघडू शकते. ज्याच्या गावात मार्च लागला की टँकरची वाट पाहावी लागते, त्याने हा आकडा दोनदा वाचावा.

कोणी म्हणेल, खुद्द आरोग्य खात्याची पत्रकेच सांगत आली की डबक्यात रॉकेल नाही तर जळके ऑइल टाका, डास मरतात. मरतात, हे खरे. पण त्याच डबक्यावर गुरे पाणी पितात आणि ते पाणी शेवटी मुरते ते आपल्याच झऱ्यात. डबके बुजवता येते, वाहते करता येते, त्यात गप्पी मासे सोडता येतात. सल्ला सरकारी असला म्हणून विहीर सरकारची होत नाही.

आता पैशाचे बोलू. कापूस पिंजला म्हणून सरकी कोणी उकिरड्यावर टाकत नाही, तिचे तेल निघते, पेंड निघते. कणीस खुडले म्हणून कडबा कोणी फेकत नाही. मग ऑइलच तेवढे का फेकायचे? ऑइल बहुतांशी संपत नाही, ते मळते. त्यातले पाणी आणि डिझेल उडवून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून, गाळून पुन्हा वंगणाचे तेल काढता येते. सुमारे १५९ लिटर कच्च्या खनिज तेलातून जेवढे वंगण मिळते, तेवढेच, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास, पावणेचार लिटर जळक्या ऑइलमधून मिळते. देश कच्चे तेल परदेशातून विकत आणतो आणि आपण तयार माल धुऱ्यावर ओततो.

समजा गावात ३० ट्रॅक्टर आहेत. दर वेळी ७ लिटर, वर्षातून दोनदा. ४२० लिटर झाले. म्हणजे २१० लिटरची दोन बॅरल. मोटारसायकली यात धरलेल्याच नाहीत. एकट्याच्या पाच लिटरसाठी कोणी दारात येणार नाही, दोन बॅरलसाठी येईल.

आज हे ऑइल जाते कुठे? गॅरेजवाल्याकडून फुकटात किंवा पाण्याच्या भावात उचलले जाते. काही वीटभट्टीत जळते, काही सेंट्रिंगच्या प्लेटांना लागते आणि काही नुसते गाळून, रंग देऊन, नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या डब्यात भरून पुन्हा बाजारात येते. ते घेणारा कोण? तुम्ही आणि मी. आपलेच जळके ऑइल आपल्यालाच नव्याच्या भावात, आणि वर इंजिन खोलण्याचा खर्च. म्हणून रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा आणि लेबल फाडा. याला एक पैसा लागत नाही.

कायदा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार जळके ऑइल हा घातक कचरा आहे आणि त्यावर पुन्हा प्रक्रिया करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने आणखी एक दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर, विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाइतक्या जळक्या ऑइलवर पुन्हा प्रक्रिया होईल हे पाहण्याचे बंधन आले. पहिल्या वर्षी ५ टक्के, पुढे टप्प्याटप्प्याने वाढते. पण कागदावरचे बंधन तालुक्याच्या दुकानापर्यंत आपोआप चालत येत नाही. नवा कॅन विकायला कंपनीचा माणूस खेड्यात पोचतो, जुने ऑइल न्यायला मात्र रस्ता खराब असतो!

म्हणून या बैठकीत चार गोष्टी ठरवाव्यात असे मी सुचवतो. एक : प्रत्येक गावात सावलीत, विहिरीपासून दूर, झाकणाचे एक बॅरल. दोन : त्यात फक्त जळके इंजिन ऑइल. पाणी, रॉकेल, ब्रेक ऑइल नाही, आणि फवारणीच्या औषधाचा डबा तर ते साठवायलाही वापरायचा नाही. मिसळलेल्या मालाला भाव पडतो, हे कवडी कापूस विकणाऱ्याला शिकवायला नको. जुना फिल्टर रात्रभर बॅरलवर पालथा ठेवावा, त्यातलेही निथळते. तीन : विकायचे ते मंडळाची परवानगी दाखवणाऱ्यालाच, मापून, पावती घेऊन, चार गावांचा माल एकत्र करून. चार : दुकानदाराला विचारायचे, तुझी कंपनी जुने ऑइल कधी नेणार? एकाने विचारले तर तो हसेल. तालुक्यातल्या शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर त्याला वर कळवावेच लागेल.

यात कोणाची मेहेरबानी नको, अनुदान नको. माल आपला आहे, पैसे मोजून घेतलेला आहे. तो मातीत घालायचा की तराजूवर, एवढेच ठरवायचे आहे.