पिशवीची मागची बाजू

गेली दोनेक वर्षं मी मांजराच्या खाण्याच्या पिशव्या वाचतेय. दिवाळी अंक वाचावा तशा, मन लावून. दुकानदार आता मला ओळखतो. "ताई, वाचून झालं की हाक मारा," म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

तर मंडळी, आजचा विषय हाच. मांजराचं विकतचं खाणं चांगलं की वाईट हे मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीवरून ठरवता येतं का? माझं मत आधीच सांगून टाकते: थोडंफार येतं, पण आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्यानंही नाही. हे मत मी फुकटात मिळवलेलं नाही. आमच्या गुंड्याला त्यासाठी तीन दिवस सलाईनवर राहावं लागलं.

गुंड्या म्हणजे आमचा बोका. वय वर्षं सहा, रंग दुधाच्या चहाचा, स्वभाव घरमालकाचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे उंदीर त्याने फक्त स्वप्नात मारलेला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण रत्नागिरीहून आत्याचा फोन आला की ती हमखास विचारते, "मांजराला कसलं गो दुकानातलं खाणं? आमची मांजरं काय मेली?" नाही मेली, आत्या. पण तुझ्या मांजरांना मासळीची डोकी होती, परसातले उंदीर होते, पाली होत्या, वर सकाळचा दूधभात. तू दिलंस त्यात जे कमी पडलं ते त्यांनी बाहेर शोधलं. गुंड्याला बाहेर नाही. त्या पिशवीत एखादी गोष्ट नसेल, तर ती त्याच्या आयुष्यातच नसते. म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवातीला माझे नियम सोपे होते, आणि ते कुठेही सहज सापडतात. पहिले पाच घटक बघा. पहिला मांसाचा हवा. धान्य नको. 'बाय-प्रॉडक्ट' शब्द दिसला की पिशवी परत ठेवा. उच्चारता येत नाही ते नाव नको. या नियमांनी मी एक बरंच महागडं कोरडं खाणं निवडलं. पहिला घटक ताजं चिकन, मग वाटाणे, मसूर, बटाटा, क्रॅनबेरीसुद्धा! यादी वाचून मलाच भूक लागली होती. :-)

चारेक महिने झाले. घरात रंगकाम चालू होतं आणि गुंड्या सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, परत जायचा. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. संध्याकाळी तो ट्रेमध्येच आडवा झाला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "लघवी तुंबलीये. उद्यावर टाकलं असतंत तर कठीण होतं." बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की वाट बंद. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. एक-दोन दिवसांचाच खेळ. (ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी एवढं वाक्य वाचून बाकीचा लेख सोडला तरी चालेल: लघवीला बसतोय आणि होत नाहीये, तर रात्र असली तरी निघा.)

तिसऱ्या दिवशी कॅथेटर काढल्यावर मी पिशवी डॉक्टरांसमोर ठेवली. थोडं कौतुक होईल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू! त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "यादी छान आहे. पण पाण्याचं काय केलंत?"

पाणी! त्या यादीत पाणी नव्हतं, म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले रानमांजर, त्यामुळे मांजराला तहान कमी. शिकारीतून मिळालेल्या पाण्यावर त्याचं भागतं. कोरड्या दाण्यांत ओलावा असतो साधारण दहा टक्के, पाऊचमध्ये ऐंशीच्या आसपास. नुसत्या दाण्यांवरचं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं खरं, पण एकूण हिशेबात मागेच राहतं. डॉक्टरांनी एकट्या खाण्याला दोष दिला नाही. गुंड्याचं वजन वाढलेलं होतं, रंगकामाचा ताण होता, घरात कोंडलेलं आयुष्य. पण जी एक गोष्ट माझ्या हातात होती, ती मी पाहिली नव्हती. मी चिकन आधी की वाटाणे आधी, यातच गुंतले होते.

त्यानंतर मी माझे नियम एकेक करून तपासायला घेतले.

पहिला घटक मांस. यादी उतरत्या वजनाने लिहितात हे खरं, पण वजन धरतात ते शिजवण्याआधीचं. मेथीची जुडी आठवा. निवडून कढईत घातली तर मावत नाही, आणि दहा मिनिटांत वाटीभर उरते. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कोरडे दाणे करताना ते उडून जातं. समजा यादी अशी आहे: चिकन २० भाग, मका १५, तांदूळ १२, मक्याचं ग्लुटेन १०. पहिलं कोण? चिकन. पण पाणी गेल्यावर चिकन उरतं सहा भाग, आणि मका-तांदळाची मंडळी एकत्र केली तर सदतीस. एकाच कुटुंबातल्या माणसांनी वेगवेगळ्या रांगांत उभं राहावं तसा हा प्रकार. याउलट 'चिकन मील' हे नाव ऐकायला रुक्ष, पण ते आधीच वाळवलेलं असल्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिनं कितीतरी जास्त.

धान्य नको. बरं, नको. पण दाणा बांधून ठेवायला पीठ लागतंच. गव्हाऐवजी वाटाणा-बटाटा आला, एवढंच. मांजर मांसावर जगणारा प्राणी. त्याच्या दृष्टीने मसूर म्हणजे काही चिकन नव्हे.

बाय-प्रॉडक्ट नको. या नियमाचं मला आता हसू येतं. आमच्या घरी वजडी केली की दीर दोन भाकऱ्या जास्त खातात, आणि कलेजीवरून लहानपणी आम्हा भावंडांत मारामाऱ्या झाल्या आहेत. पिशवीवरचे बाय-प्रॉडक्ट म्हणजे बरेचदा तेच: काळीज, फुप्फुसं, मूत्रपिंडं, आतडी. मांजर उंदीर खातं तेव्हा फक्त छातीचं मांस बाजूला काढून खात नाही. प्रश्न तो माल कुठून आला आणि कसा ठेवला हा आहे, आणि त्याचं उत्तर यादी देत नाही.

उच्चारता न येणारी नावं. इथे मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. यादीच्या तळाशी 'टॉरिन' असतं. मांजराच्या शरीराला ते पुरेसं तयार करता येत नाही. १९८७ साली अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांमधला हृदय फुगण्याचा एक जीवघेणा आजार टॉरिनच्या कमतरतेमुळे होत होता आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होतं. ती मांजरं विकतचं खाणंच खात होती! त्यानंतर खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. म्हणजे जे नाव पाहून मी पिशवी परत ठेवली असती, त्याच नावाने किती मांजरं वाचली असतील. 'थायमिन मोनोनायट्रेट' हेही असंच भीतीदायक नाव. ते साधं ब-१ जीवनसत्त्व.

आणि नाव बरोबर असलं तरी? २००७ साली उत्तर अमेरिकेत मांजर-कुत्र्यांचं खाणं मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावं लागलं. त्यातल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. प्रथिनं मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून प्रथिनांचा आकडा फुगवायला ही भेसळ. कितीतरी प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पिशवीवर छापलेलं होतं 'गव्हाचं ग्लुटेन'. ते वाचून कुणाला काय कळणार होतं?

असो. "मग वाचूच नये का?" असं माझी धाकटी बहीण विचारेल, म्हणून आधीच सांगते. वाचावं. फक्त क्रम बदलावा.

मी आता आधी एकच वाक्य शोधते: हे खाणं 'कम्प्लीट' म्हणजे परिपूर्ण आहे का, आणि कुठल्या वयासाठी. अमेरिकेतली 'आफको' ही संस्था पोषणाचे निकष ठरवते, युरोपात 'फेडिआफ'. (या संस्था एकेका पिशवीला शिक्का देत नाहीत. निकष पाळल्याचं कंपनी सांगते.) ज्यावर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलंय ते पूरक खाणं, तोंडी लावायचं. त्यावर मांजराला रोज जगवायचं नाही. आमच्या दुकानातल्या पोराने मला सांगितलं होतं, "कॉम्प्लिमेंटरी म्हणजे एकावर एक फ्री असेल!" तो हसत नव्हता.

मग ओलावा. तो कळल्याशिवाय प्रथिनांच्या आकड्याला अर्थ नाही. पाऊचवर लिहिलंय प्रथिनं ८ टक्के, ओलावा ८२. दाण्यांवर प्रथिनं ३२, ओलावा १०. दाणे जिंकले? पाणी वजा करून बघा. पाऊचमध्ये १८ भागांत ८, म्हणजे साधारण ४४ टक्के. दाण्यांत ९० भागांत ३२, म्हणजे साधारण ३६. पाऊच पुढे. आफकोच्या निकषात मोठ्या मांजराला पाणी सोडून किमान २६ टक्के प्रथिनं लागतात, म्हणजे दोन्ही पास आहेत. तिसरी-चौथीचं गणित आहे, पण मी चाळिशीत पहिल्यांदा केलं.

त्यावर 'क्रूड ॲश' असा आकडा दिसला तर घाबरू नका. मी तो मोठ्याने वाचला तेव्हा आई म्हणाली, "राख घालतात मेले!" घालत नाहीत. खाणं पूर्ण जाळलं तर जी खनिजं उरतील त्यांचं ते माप.

घटकांची यादी वाचायची ती यानंतर. तिचा उपयोग आहेच. मांस आहे का, कुठल्या प्राण्याचं, आपल्या मांजराला न सोसणारं काही आहे का, हे तिथेच कळतं. पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा तर ती केव्हाही खरी. अमेरिकी नियमांत 'विथ ट्यूना' म्हणायला ३ टक्के ट्यूना पुरतो. आणि 'प्रीमियम' म्हटल्याने आत काही वेगळं घालावं लागतं असं नाही.

घरी चिकन उकडून घालावं का, हेही दोघातिघांनी विचारलंय. अधूनमधून जरूर. रोज नुसतं तेच नको. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, आणि उकडलेलं पाणी फेकलं की टॉरिनही बरंचसं त्यातच जातं. आणि आपल्या रश्श्यातलं तर मुळीच नको, कांदा-लसूण मांजराला विषारी.

मला खरं बोलायचंय ते एवढंच, की ती क्रॅनबेरीवाली यादी मी गुंड्यासाठी वाचतच नव्हते. मी माझ्यासाठी वाचत होते. मला जे खावंसं वाटलं ते त्याच्यासाठी निवडलं, आणि जास्त पैसे मोजले म्हणून निर्धास्त झाले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सोसायटीतल्या चार मांजरांना मध्यम किमतीचे दाणे घालतात, शेजारी पाण्याचे दोन वाडगे ठेवतात, आणि कोण कधी कुठे शू करून गेलं हे त्यांना पाठ असतं. त्यांच्या पिशवीला मी मनातल्या मनात नाक मुरडलेलं आहे. माझी पिशवी त्यांच्या तिप्पट किमतीची होती, आणि माझा बोका सकाळपासून लघवीला गेला नाही हे मला संध्याकाळी कळलं.

आता गुंड्याला दोन वेळा पाऊच, त्यात वर दोन चमचे पाणी, आणि रात्री मूठभर दाणे. घरात पाण्याच्या चार वाट्या आहेत. त्यातली एक माझ्या टेबलावर असते आणि तो नेमकी तीच सांडतो. ट्रेमधले गोळे मी रोज मोजते. हे वाचून आत्या कपाळाला हात लावणार आहे, पण मोजते.

तुमच्याकडे मांजर असेल तर आज घरी गेल्यावर पिशवी उलटी करून बघा आणि काय सापडलं ते मला कळवा. आकडेमोड मी करून देईन. पण त्याआधी वाटीत पाणी आहे का, तेवढं बघून या.